स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्या इस्मतआपा

रमजान हा कुरआन अवतरणाचा महिना. पहिल्यांदा अवतरलेल्या आयतींमध्ये वाचण्याचा आदेश आहे आणि लेखणीचाही उल्लेख आहे. तो आदेश केवळ पुरुषांसाठी आहे असे कुठेही म्हटलेले नाही. तरीही पुढच्या काळात उत्तर हिंदुस्तानातील अनेक खानदानी घरांत एक अजब रीत पडली. मुलींना कुरआन वाचायला शिकवायचे, लेखणी मात्र हाती द्यायची नाही. वाचणारी मुलगी नमाजी होईल, लिहिणारी मुलगी चिठ्ठ्या पाठवील, अशी भीती वडीलधाऱ्यांना वाटे. अशरफुन्निसा बेगम नावाच्या एका मुलीने एकोणिसाव्या शतकात तव्याची काजळी कालवून शाई केली आणि घरच्यांपासून लपून अक्षरे गिरवली. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनाही लग्नानंतर चोरून-मारून वाचायला शिकावे लागले. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण माजघर सारखेच होते.

या लपूनछपून गिरवलेल्या अक्षरांपासून छापील पुस्तकावर स्वतःचे नाव येईपर्यंत बायकांना फार लांब चालावे लागले. त्या वाटेवरचे एक ठळक नाव म्हणजे इस्मत चुगताई. उर्दू जग त्यांना आदराने इस्मतआपा म्हणते. त्या जन्माने उत्तर प्रदेशच्या, पण आयुष्याची जवळपास पन्नास वर्षे त्यांनी मुंबईत काढली. निजामाच्या राजवटीत उर्दू शाळांत शिकलेली, देवनागरीइतक्याच सहजतेने उर्दू वाचणारी सर्व धर्मांची माणसे जालन्यात होती. त्या पिढीला हे नाव नवे नव्हते. आज मात्र बहुतेकांना इस्मतआपा एका वादग्रस्त कथेपुरत्या ठाऊक असतात. त्यांचे आयुष्य त्या एका कथेपेक्षा खूप मोठे आहे.

दहा भावंडांतली नववी

इस्मत यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१५ रोजी बदायूं येथे झाला. वडील मिर्झा कसीम बेग चुगताई सरकारी अधिकारी होते. आईचे नाव नुसरत खानम. सहा भाऊ आणि चार बहिणी अशा भरल्या घरात इस्मत नववी. इतक्या लेकरांत एकेकाचे लाड कोण करणार? मोठ्या बहिणींची लग्ने होऊन त्या सासरी गेल्या आणि ही मुलगी भावांच्या संगतीत वाढली. झाडावर चढणे, गुल्ली-दांडू खेळणे, भांडण झाले तर बरोबरीने हात चालवणे, हेच तिचे बालपण. वडिलांच्या बदल्यांमुळे ते आग्रा, जोधपूर, अलीगढ अशा गावांत गेले. शेजारी हिंदू घरे होती. सण-वारांना जाणे-येणे होते आणि कुठवर जायचे याची अदृश्य रेघही होती. शेजारच्या घरी जन्माष्टमीच्या दिवशी पाळण्यातल्या बाळकृष्णाला प्रेमाने उचलल्याबद्दल लहानग्या इस्मतला बाहेर काढण्यात आले होते. ही आठवण त्यांनी पुढे आत्मचरित्रात लिहिली. त्या लिहिण्यात राग कमी आणि लहान मुलीला पडलेले कोडे जास्त आहे.

शिवणटिपण आणि स्वयंपाक यांत तिचे मन रमत नसे. आईला तिची काळजी लागून राहिलेली. वयात येताच स्थळ आले. इस्मतने त्यावर शोधलेली युक्ती उर्दू साहित्यात प्रसिद्ध आहे. तिने मामेभावाला विनवले, की तू मला मागणी घाल, म्हणजे बाहेरचे स्थळ टळेल. लग्न मात्र करायचे नाही. युक्ती लागू पडली. मग तिने वडिलांपुढे उभे राहून सांगितले, की मला अलीगढला शिकायला पाठवा. त्यांनी समजावले, रागावले. मुलगी मागे हटेना. नाही पाठवले तर घर सोडून मिशनरी शाळेत जाईन, इथपर्यंत ती बोलली. अखेर वडिलांनी होकार दिला. पुढे आयुष्यभर त्या वडिलांविषयी आदरानेच बोलल्या. मुलीचे म्हणणे पटले नाही तरी ऐकून घेणारा बाप त्या काळात प्रत्येकीच्या नशिबी नव्हता.

अलीगढ, लखनौ आणि डॉक्टर रशीद जहाँ

अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली मुलींची शाळा सुरू केली होती. पुढे ती कॉलेजपर्यंत वाढली. महात्मा फुले आणि सावित्रीबाईंच्या सोबत पुण्यात फातिमा शेख उभ्या राहिल्या, त्याच जातीचे हे काम होते. त्याला विरोधही तसाच झाला. इस्मत तिथे शिकत असताना एका वृत्तपत्राने शाळेतील मुलींच्या चारित्र्यावर गरळ ओकली. वडीलधारे काय करावे या विचारात असताना या विद्यार्थिनीने लेखणी उचलली आणि उत्तराचा लेख लिहिला. छापील शब्दाची ताकद तिला तेव्हा पहिल्यांदा कळली.

शेख अब्दुल्लांच्या कन्या डॉक्टर रशीद जहाँ या इस्मत यांच्या खऱ्या आदर्श. १९३२ साली ‘अंगारे’ नावाचा कथासंग्रह निघाला. त्यात चार लेखक होते आणि रशीद जहाँ ही एकटीच स्त्री. पुस्तकावर गहजब झाला आणि १९३३ च्या मार्चमध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. रशीद जहाँ मात्र दवाखाना चालवत राहिल्या आणि लिहीत राहिल्या. बाईने शिकावे, कमवावे, मोकळेपणी बोलावे आणि तरी लोकांच्या उपयोगी पडावे, हे इस्मत यांनी त्यांच्यात प्रत्यक्ष पाहिले. पुढे लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजात शिकताना १९३६ साली तिथे भरलेल्या प्रगतिशील लेखकांच्या पहिल्या अधिवेशनाला त्या हजर होत्या. अध्यक्ष होते मुन्शी प्रेमचंद. बी.ए.नंतर त्यांनी अलीगढहून शिक्षणशास्त्राची पदवीही घेतली.

मग नोकरी. बरेलीच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका, नंतर जोधपूरच्या शाळेत आणि चाळीसच्या दशकाच्या आरंभी मुंबईत मुलींच्या शाळांच्या निरीक्षक. इस्मत यांच्या लेखनाची चर्चा करताना हा पगार सहसा विसरला जातो. भाऊ, नवरा किंवा मुलगा यांच्यापैकी कुणाच्याही परवानगीवर त्यांची लेखणी अवलंबून नव्हती, कारण घरभाडे त्या स्वतः भरू शकत होत्या.

नाव कुणाचे छापायचे?

इस्मत लिहू लागल्या तेव्हा उर्दूत बायकांविषयीच्या कादंबऱ्यांची कमतरता नव्हती. पण त्यातल्या बऱ्याच पुरुषांनी लिहिलेल्या होत्या. डेप्युटी नझीर अहमद यांची ‘मिरात-उल-अरूस’ १८६९ साली आली. तिच्यात दोन बहिणी आहेत, अकबरी फूहड आणि असगरी गुणी. घराघरांतल्या मुलींना असगरी होण्याचा उपदेश करणारे हे पुस्तक अफाट खपले. ते वाचून पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी १८८१ साली ‘इस्लाह-उन-निसा’ ही कादंबरी लिहिली. बाईने लिहिलेली उर्दूतली ही पहिली कादंबरी मानली जाते. ती छापून यायला १८९४ साल उजाडले, तेही लेखिकेचा मुलगा शिकून बॅरिस्टर झाल्यावर. आणि पुस्तकावर लेखिका म्हणून काय छापले? अमुक बॅरिस्टरची आई, तमुक खानबहादुरांची मुलगी, अमक्याची बहीण. तिचे स्वतःचे नाव तेवढे नव्हते. पुढच्या पिढीतील नझर सज्जाद हैदर बराच काळ वडिलांची मुलगी या नात्यानेच छापून येत होत्या. कवयित्री जाहिदा खातून शेरवानी यांनी नावाची नुसती आद्याक्षरे वापरली.

मराठीतही चित्र फार निराळे नव्हते. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ स्वतःच्या नावाने छापली, हे त्यांचे धाडसच. पण त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९३३ साली, ‘कळ्यांचे निःश्वास’ आले ते विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. शिकलेल्या, कमावत्या आणि अविवाहित मुलींच्या मनाची घुसमट त्या कथांत होती. महाराष्ट्रभर खळबळ माजली. लेखिका कोण याचा शोध सुरू झाला. त्या बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे नंतर उघड झाले. इस्मत चुगताई यांचा पहिला कथासंग्रह आठ वर्षांनी, १९४१ साली निघाला. त्याचे नाव ‘कलियाँ’, म्हणजे कळ्याच. दोन भाषांतल्या दोन बायकांना एकच शब्द सुचावा, हा योगायोग बोलका आहे.

इस्मत यांच्यापुढची अडचण आणखी वेगळी होती. थोरले भाऊ मिर्झा अझीम बेग चुगताई हे त्या काळचे लोकप्रिय विनोदी लेखक. त्यांनीच बहिणीला शिकवले, इतिहासाची आणि कादंबऱ्यांची गोडी लावली. इस्मत यांचे ‘फसादी’ हे नाटक १९३९ साली ‘साकी’ मासिकात आले, तेव्हा पुष्कळ वाचकांना वाटले की भाऊच बहिणीच्या नावाने लिहितो आहे. नाव स्वतःचे छापले तरी श्रेय भावाला! यावर भांडत बसण्याऐवजी त्या लिहीत सुटल्या. अझीम बेग क्षयाने १९४१ साली गेले. त्यानंतर बहिणीने त्यांच्यावर ‘दोजखी’ नावाचे व्यक्तिचित्र लिहिले. दोजखी म्हणजे नरकात जाणारा. मेलेल्या भावाचे गुणगान करण्याऐवजी त्याचा आजार, त्याची खोडी, त्याचा हट्ट आणि त्याच्यावरची अपार माया हे सगळे तिने जसेच्या तसे मांडले. वाचून अनेकांना धक्का बसला. सआदत हसन मंटो यांच्या बहिणीलाही हे लेखन फार निर्दय वाटले. मंटो मात्र इतके भारावले, की आपल्यावर असा लेख लिहिणार असाल तर आजच मरायला तयार आहोत, अशा अर्थाचे ते बोलले. त्या लेखानंतर ही लेखणी भावाची आहे असे कुणी म्हणू शकले नाही.

अंगणातली भाषा

इस्मतआपांचा स्वतःचा आवाज म्हणजे नेमके काय? त्यांनी पुस्तकी उर्दू बाजूला ठेवली आणि अंगणात, चुलीपुढे, शिवणाच्या चौकीवर बसलेल्या बायकांची बोली उचलली. त्यांचे टोमणे, शिव्याशाप, म्हणी, अर्धवट सोडलेली वाक्ये, पुरुष आत आल्यावर बदलणारा सूर, हे सारे कागदावर आले. मराठवाड्यातल्या आयाबायांनी जात्यावरच्या ओव्यांत सासर-माहेरचे दुःख पिढ्यानपिढ्या सांगितले. ते दळणाबरोबर घरात राहिले. तसाच जनानखान्यातला हा आवाज भिंतीच्या आत होता. इस्मतआपांनी तो बाजारात विकल्या जाणाऱ्या मासिकात नेला. त्यांची लिहिण्याची पद्धतही गंमतीची. पलंगावर कोपरावर रेलून, घरातल्या गलक्यात, बर्फाचे खडे कडाकडा चावत त्या लिहीत. मंटोंनी त्याचे मोठे झकास वर्णन करून ठेवले आहे.

‘चौथी का जोडा’ ही त्यांची कथा या दिवसांत आवर्जून वाचावी. ईद जवळ आली की आपल्याकडे मोहल्ल्यामोहल्ल्यांत शिलाईची यंत्रे रात्रभर चालतात. या कथेतली विधवा आईही शिवणकाम करते. कमी कापडात जोडा बेतण्यात तिचा हात धरणारे कुणी नाही. थोरल्या कुबराच्या लग्नाचा चौथीचा जोडा ती कधीपासून शिवते आहे, पण स्थळच येत नाही. मग नात्यातला राहत नावाचा तरुण पोलिसाच्या ट्रेनिंगसाठी घरी राहायला येतो. जावई होईल या आशेने मायलेकी दागिने विकून त्याला पराठे आणि कबाब खाऊ घालतात, स्वतः कोरडे तुकडे गिळतात. तो खाऊन-पिऊन निघून जातो आणि दुसरीकडे ठरलेले लग्न करतो. क्षयाने खंगलेली कुबरा मरते. आई त्याच चौकीवर, त्याच हातांनी लेकीचे कफन बेतते. कथेत भाषण नाही, उपदेश नाही. हुंड्याविरुद्धच्या शंभर ठरावांनी होणार नाही ते काम ही कात्री करते.

‘नन्ही की नानी’ या कथेतली म्हातारी तर नावालाच मुकलेली आहे. लहानपणी ती कुणाची तरी पोर, लग्नानंतर कुणाची तरी सून, मग कुणाची तरी आई आणि शेवटी नन्हीची आजी. आईबापांनी ठेवलेले नाव काय होते, हे कुणालाच ठाऊक नाही. रशीदुन्निसांच्या पुस्तकावर जे घडले तेच या गरीब म्हातारीच्या आयुष्यात घडले. बॅरिस्टरची आई असो की मोलकरीण, नाव गमावण्याच्या बाबतीत दोघी एकाच ओळीत.

खटला आणि त्याची किंमत

१९४२ साली दोन गोष्टी घडल्या. इस्मतआपांनी लेखक-दिग्दर्शक शाहिद लतीफ यांच्याशी लग्न केले आणि लाहोरच्या ‘अदब-ए-लतीफ’मध्ये त्यांची ‘लिहाफ’ ही कथा आली. एका नवाबाची दुर्लक्षित बेगम आणि तिची मोलकरीण यांची जवळीक एका लहान मुलीच्या नजरेतून त्यात सांगितली आहे. मुलीला जे दिसते ते ती सांगते, त्याचा अर्थ तिला कळत नाही. कथा छापताच पत्रांचा भडिमार झाला. डिसेंबर १९४४ मध्ये अश्लीलतेच्या आरोपाचे समन्स घरी आले, तेव्हा पहिली मुलगी अवघी दोन महिन्यांची होती. घरात तणाव झाला. नवराही चिडला. सासरच्यांना तोंड दाखवणे अवघड झाले. माफी मागून मोकळे व्हा, असे सांगणारे हितचिंतक पुष्कळ होते.

त्यांनी माफी मागितली नाही. खटला लाहोरला चालला. मंटो यांच्यावरही ‘बू’ या कथेबद्दल त्याच वेळी खटला होता, त्यामुळे दोघे बरोबर हजर राहिले. साक्षीदारांना कथेतला नेमका अश्लील शब्द दाखवा असे वकिलाने विचारले. तो कुणालाच दाखवता येईना. आरोप टिकला नाही आणि इस्मतआपा सुटल्या.

सुटल्या, पण कथेतून नाही. पुढची पन्नास वर्षे त्यांनी काहीही लिहिले तरी लोक ‘लिहाफ’च काढत. त्या एका कथेने आपले जगणे अवघड केले, अशी खंत त्यांनी पुढे मोकळेपणी लिहून ठेवली. ज्या बेगमेवरून कथा सुचली होती, ती पुढे अलीगढला भेटली तेव्हा इस्मतआपांच्या पोटात गोळा आला. बेगमेने मात्र त्यांना घरी जेवायला बोलावले. तिने नवाबापासून तलाक घेऊन दुसरे लग्न केले होते आणि तिला एक गोजिरवाणा मुलगा होता. ते मूल पाहून आपल्या लिखाणाचे चीज झाले असे इस्मतआपांना वाटले. कथा आवडो वा न आवडो, तिने एका बाईला स्वतःच्या आयुष्याकडे पाहायला लावले, एवढे तरी मान्य करावे लागते.

वाकडी रेघ

खटल्याच्या त्याच काळातली त्यांची ‘टेढी लकीर’ ही कादंबरी त्यांचे सर्वांत मोठे काम समजले जाते. आईवडील हयात असूनही पोरकी असलेल्या मुलांना त्यांनी ती अर्पण केली. नायिका शमन ही भरल्या घरातले नको असलेले शेंडेफळ. दाईच्या अंगावर वाढलेली, बहिणीच्या हाताखाली राहिलेली, मग शाळा, वसतिगृह, कॉलेज, चळवळ, मुख्याध्यापिकेची नोकरी असा तिचा प्रवास होतो. मायेसाठी ती ज्याला-त्याला चिकटू पाहते आणि दर वेळी सोलून निघते. शेवटी रॉनी टेलर या आयरिश तरुणाशी लग्न करते, भांडते. तो युद्धावर निघून जातो आणि ती आई होण्याच्या वाटेवर एकटी उरते.

असगरीसारखी गुणी किंवा अकबरीसारखी फूहड, या दोन्ही चौकटींत शमन बसत नाही. ती चुकते, हट्ट करते, दुसऱ्याला दुखावते आणि तरी वाचकाची होऊन जाते. स्वातंत्र्य कुणी ताटात वाढून देत नाही आणि ते मिळाल्यावर बाई लगेच सुखी होते असेही नाही, हे इस्मतआपांना ठाऊक होते. सरळ रेघ पुरुषांनी आखलेली. बाईची रेघ वाकडी निघते, कारण तिला वाटेतल्या भिंतींना वळसे घालून जावे लागते. हीच त्यांच्या सगळ्या लेखनाची गुरुकिल्ली आहे.

१९६२ सालची ‘मासूमा’ ही कादंबरी आपल्या भागाच्या इतिहासाला जवळची. पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थान मोडले. त्या उलथापालथीत बाप पाकिस्तानला निघून गेला आणि खानदानी आई मुलांना घेऊन मुंबईला आली. पोट भरेना, तेव्हा आईनेच मासूमाला श्रीमंतांच्या बाजारात उभे केले. मासूमा म्हणजे निष्पाप. तिथे तिचे नाव निलोफर होते. नाव गेले तेव्हाच सगळे गेले, असे वाचकाला वाटत राहते. संस्थान विलीन झाले याचा आनंद खरा होता. त्या धामधुमीत काही घरांतल्या मुलींचे काय झाले, हे इतिहासाच्या पुस्तकांत फारसे सापडत नाही. ते या कादंबरीत आहे.

मुंबईच्या आपा

मुंबईने इस्मतआपांना चित्रपटसृष्टीही दिली. त्यांच्या कथेवरचा ‘जिद्दी’ १९४८ साली आला. दिग्दर्शक शाहिद लतीफ, नायक देव आनंद. मग १९५० साली दिलीपकुमारचा ‘आरजू’, १९५८ साली नूतनचा ‘सोने की चिडिया’. कमावत्या नटीला तिचेच नातेवाईक कसे लुबाडतात याची ती गोष्ट. १९६७ साली शाहिद लतीफ गेले. दोन मुलींची आई असलेल्या इस्मतआपा लिहीत राहिल्या. लग्नानंतरही त्यांनी चुगताई हे माहेरचे नाव सोडले नव्हते.

फाळणीत त्यांचे अनेक आप्त पाकिस्तानला गेले. त्या इथेच राहिल्या. ‘जडें’ म्हणजे मुळे, या कथेत सारे घर पाकिस्तानला निघते, पण म्हातारी आई उंबरठा सोडत नाही. शेजारचे डॉक्टर रूपचंद, ज्यांच्याशी या घराची पिढ्यांची दोस्ती आणि वादही, तेच स्टेशन गाठून निघालेल्या कुटुंबाला परत आणतात. याच जखमेवरची त्यांची अप्रकाशित कथा एम. एस. सथ्यू यांच्या १९७३ सालच्या ‘गर्म हवा’ चित्रपटाचा आधार झाली. पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. त्यातली अमीना दोनदा लग्नाची वाट पाहते आणि दोनदा नशिबी निराशा येते. कुबराची ती धाकटी बहीणच.

१९७० च्या दशकात त्यांनी मीर अनीस यांच्या मर्सियांच्या आधाराने करबलावर ‘एक कतरा-ए-खून’ ही कादंबरी लिहिली. ‘लिहाफ’ लिहिणारी बाई इमाम हुसैन यांच्यावर लिहिते, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. वाटायला नको होते. जुलमापुढे मान न तुकवण्याची ती कहाणी होती आणि लाहोरच्या कोर्टात माफी न मागणाऱ्या लेखिकेला ती आपली वाटली. १९७६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘कागजी है पैरहन’ हे आत्मचरित्र त्यांनी ‘आजकल’ मासिकात क्रमशः लिहिले. २४ ऑक्टोबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे चंदनवाडीत दहन झाले. त्यावरून अनेकजण नाराज झाले आणि आजही त्यावर वाद होतो. धर्माचरणाच्या बाबतीत त्यांच्याशी सहमत नसलेल्यांनीही त्यांच्या कथांतल्या कुबरा आणि नन्हीच्या नानीला नाकारू नये. त्या बायका आपल्याच गल्लीतल्या आहेत.

नसीरुद्दीन शाह यांची नाटकमंडळी ‘इस्मत आपा के नाम’ हा कथांचा प्रयोग अनेक वर्षे करत आली आहे. प्रेक्षक हसतात आणि हसता हसता गप्प होतात. भाषा कळण्यासाठी शब्दकोश लागत नाही, कारण ती घरातलीच आहे.

आपल्याकडे आजही काही निकाहाच्या उर्दू पत्रिकांवर वधूचे नाव नसते, अमक्याची कन्या एवढेच असते. काही हिंदू लग्नांत तांदळाच्या ताटात अंगठीने वधूचे नवे नाव लिहिले जाते आणि जुने नाव माहेरी राहते. प्रथा आहेत, त्यांत मायाही आहे. पण जालन्याच्या उर्दू आणि मराठी शाळांतून दर वर्षी शेकडो मुली दहावीच्या उत्तरपत्रिकेनिमित्त लिहायला बसतात. त्यांतली एखादी वहीच्या मागच्या पानावर गोष्ट लिहीत असेल. ती वही घरच्यांच्या हाती लागली, तर आधी ती वाचावी. आणि गोष्ट छापायला द्यायची झाली, तर खाली तिचेच नाव असू द्यावे.